सगळ्यात गार माठ

माझ्या प्रयोगशाळेत एक वात्रटपणा वर्षानुवर्षं चालत आला होता. नवा मुलगा संशोधनाला दाखल झाला की जुनी मंडळी त्याला पढवून माझ्याकडे पाठवायची, "सरांना विचार, तुमचा पहिला क्रायोस्टॅट कुठल्या बनावटीचा होता?" क्रायोस्टॅट म्हणजे पदार्थ गार ठेवून त्याच्यावर मोजमाप करायचं भांडं. तो बिचारा गंभीर चेहऱ्याने विचारायचा आणि मी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचो, "माठ. हातोदच्या कुंभाराचा." दाराआडून हसू फुटायचं. नव्याला वाटायचं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. मी मात्र अगदी खरं सांगत असायचो.

निवृत्त होऊनही आता जमाना लोटला. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात फ्रिज आहे, त्याच्या शेजारी तिवईवर माठही आहे आणि मी पाणी माठातलंच पितो. सून म्हणते, बाबांचा हट्ट आहे. असेल. या वयात हट्ट करायचा नाही तर कधी करायचा?

आयुष्यभर मी घन पदार्थांचं भौतिकशास्त्र केलं, तेही हाताने करून बघायचं, कागदावरचं नव्हे. सुरुवात केली तेव्हा त्याला सॉलिड स्टेट म्हणत, निवृत्तीच्या सुमाराला कंडेन्स्ड मॅटर म्हणायला लागले. दारावरची पाटी बदलली, आत आम्ही खडे घासत बसलो होतो ते बसलोच. शेवटी शेवटी द्रव हेलियमच्या थंडीपर्यंत पोचलो, परदेशी पाहुणे येऊन बघून गेले. पण ही सगळी गाडी ज्या दिवशी रुळावर आली, किंवा कायमची घसरलीच असती, तो दिवस मध्य भारत राज्याच्या काळातला आहे.

संस्थान विलीन होऊन नवं राज्य झालं होतं आणि त्या राज्याला राजधान्या दोन होत्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदुरात. ऊन तापायला लागलं की साहेबलोक, कारकून, फायलींच्या पेट्या असं सगळं आगगाडीत घालून इकडे यायचं. इंदूरकरांना याची भारी गंमत वाटे. मला वाटत नसे, कारण या ये-जा करणाऱ्या सरकारने माझा जीव टांगणीला लावला होता.

मी तेव्हा कॉलेजात नुकता लागलेला डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे मुलांकडून प्रॅक्टिकल करून घेणारा. नोकरी कच्ची, दर वर्षी नव्याने मिळेल तेवढी. वडील संस्थानच्या कचेरीत होते, ते अचानक गेले. घरात मी आणि आई. सेक्रेटेरिएटातल्या काकांनी माझ्यासाठी कारकुनाची पक्की खुर्ची धरून ठेवली होती आणि जुलैपासून ये म्हणून धोशा लावला होता. काकांचं काही चुकत नव्हतं. आई काहीच बोलत नव्हती, ते जास्त जड जात होतं.

माझे प्राध्यापक, ज्यांना मी नुसतं सर म्हणायचो, त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. सरांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी भिंतीवर गेल्या, पण मिशा आणि आवाज मात्र सरांपर्यंत शाबूत पोचले होते. त्यांनी शिक्षण खात्याकडे मागणी केली होती की इंदुरात स्फटिकांवर संशोधन चालू झालं आहे, त्याला एक खोली आणि एक पक्का संशोधन साहाय्यक द्या. तो साहाय्यक म्हणजे मी. सगळे सरांना सांगत, अहो, इंदुरात शिकवतात, संशोधन मुंबईला, कलकत्त्याला होतं. सर मिशीवरून हात फिरवत म्हणत, "ऐसा कुठे लिहिलंय भिया?" इंदुरात भावाचा 'भिया' होतो.

ग्वाल्हेरहून खात्याच्या साहेबांचा निरोप आला होता, उन्हाळ्यात इंदुरात आल्यावर प्रयोग डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन. म्हणजे साहेबांना पटलं तर मी फिजिक्समध्ये, नाही पटलं तर जुलैपासून काकांच्या शेजारी.

आता घोळ काय होता ते सांगतो. आमचा खडा होता रोशेल सॉल्टचा. दिसायला खडीसाखर, आणि त्याची पूड औषधाच्या दुकानात जुलाबासाठी मिळे, त्यावरून स्टाफरूममध्ये आमची यथेच्छ थट्टा होई. या मिठाच्या दाट पाण्यात एक छोटा दाणा केसाला बांधून टांगायचा आणि हात न लावता आठवडेच्या आठवडे वाट बघायची, मग तो हळूहळू वाढतो. केस आईचा. ती फणीतला लांबसा काढून द्यायची आणि मधूनमधून विचारायची, "खडा कितवर आला?" जसं एखाद्या शेजारणीच्या बाळाबद्दल विचारावं.

हा खडा विजेच्या बाबतीत लहरी. त्याला बॅटरीने भार दिला तर एरवी बेताचा घेतो. पण तापमान चोवीस अंशांजवळ उतरलं की त्याला एकदम भूक लागते, कित्येक पटींनी जास्त भार गिळतो. हे मोजायला आमच्याकडे गॅल्व्हानोमीटर होता. त्याच्या आत तारेला टांगलेला इवलासा आरसा. खड्यातला भार त्यातून सोडला की आरसा फिरतो आणि समोरच्या पट्टीवर पडलेला प्रकाशाचा ठिपका उडी मारतो. जितका भार, तितकी लांब उडी. एवढाच आमचा प्रयोग, पण त्या उडीच्या आत खड्यातले अणू कसे एका दिशेला माना वळवतात त्याचं गुपित होतं, आणि मी त्या गुपिताच्या पुरता नादी लागलो होतो.

हिवाळ्यात सगळं सोपं होतं. माळव्यातली सकाळ इतकी गार की खिडकी उघडी टाकली तरी पुरे. दिवस चढेल तशी खोली आपोआप तापत जाई, दुपारपर्यंत चोवीस ओलांडी आणि ठिपक्याच्या उड्या वाढून पुन्हा कमी होताना आम्ही टिपून घेऊ. फुकटची यंत्रसामग्री! पण तेव्हा सरकार ग्वाल्हेरला. आणि सरकार इंदुरात यायचं तेव्हा बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारा वारा, चाललेली, खोलीत पस्तीसच्या वर पारा आणि आमचा खडा ढिम्म.

बर्फ आणून बघितला. बर्फाच्या धक्क्याने महिनोन् महिने वाढवलेला एक खडा माझ्यादेखत तडकला. आवाज अगदी बारीक झाला, पण मला अजून ऐकू येतो. उरला होता एकच मोठा, स्वच्छ खडा. सर म्हणाले, "जोरजबरदस्ती नको. हळू गार झाला पाहिजे." मी घरी आलो, तहान लागली होती, माठातलं पाणी प्यालो आणि तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो. मग कॉलेजात जाऊन थर्मामीटर घेऊन आलो.

आमचा घरचा माठ सव्वीसच्या खाली जाईना. जुना होता, छिद्रं बुजलेली. मग मी माठांच्या मागे लागलो. बाजारात बायका माठ बोटाने वाजवून घेतात, मी पाणी भरून, थर्मामीटर बुडवून घ्यायला लागलो. कुंभार मला बघून आपसांत काहीतरी बोलत आणि हसत. एकाने तर स्पष्टच विचारलं, "काय भिया, मटके को बुखार है क्या?" बरेच माठ घरी आणले. ओसरीवर ओळीने मांडले, ओलं फडकं गुंडाळलं, वाऱ्याकडे तोंड केलं, दिवसभर बघत बसलो. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, त्यामुळे मी घरीच जास्त. पंचवीस, सव्वीस, पुन्हा पंचवीस. शेवटी हातोदच्या बाजाराला जाऊन एक तांबूस, खरबरीत, जरा वाकडाच माठ आणला. तिसऱ्या प्रहरी त्यातला पारा तेविसाच्या खाली उतरला, आणि मी ओसरीवरून ओरडलो, "आई, हा! हाच सगळ्यात गार!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. माठाला हात लावून बघितला. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, कांदा चिरत असेल.

स्फटिक मी एका पितळी डबीत, एरंडेल तेलात बुडवून ठेवला होता, म्हणजे कोरड्या हवेने तो भुकटी होऊ नये. डबीचं झाकण मेणाने बंद केलं आणि वर तारा जोडायला दोन पितळी स्क्रू. ती डबी मी माठात टांगून ठेवली. साहेब परवा येणार होते. उद्या अक्षय तृतीया, आमच्याकडची आखिती, कॉलेजला सुट्टी. उद्या गॅल्व्हानोमीटर मांडून ठेवायचा आणि संध्याकाळी माठ अलगद टांग्यातून कॉलेजात न्यायचा, असा सगळा बेत.

आखितीला सकाळी लवकरच मी कॉलेजात गेलो. दुपारी जेवायला घरी आलो तर ओसरीवर बाकीचे माठ होते, तो नव्हता.

"आई, माठ?"

"कोणता? अरे तो तर सकाळीच देऊन टाकला. गुरुजी आले होते ना."

आखितीला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला माठ दान द्यायची आपल्याकडे रीत आहे. वर आंबा, वाळा, जमेल तसं. ज्याच्या नावाने दिला त्याला उन्हाळ्यात तहान लागू नये म्हणून. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरची ही पहिलीच आखिती. मला हे सगळं ठाऊक होतं आणि खड्याच्या नादात मी सगळं विसरलो होतो.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रागही आला. माझा राग म्हणजे भडका, आधी जीभ सुटते, मग डोकं चालतं. मी तोंड उघडणार एवढ्यात आईच बोलायला लागली.

"मी सगळ्यांना सांगितलं, पोरगा किती दिवसांपासून मटके बघून राहिलाय. थर्मामीटर लावून लावून. बाजार पालथा घातला, हातोदपर्यंत गेला. कशाला? तर बापाला सगळ्यात गार पाणी पोचावं. ह्यांना गार पाण्याची किती हौस होती, माहिती आहे ना तुला. कचेरीतून आले की आधी माठाजवळ." ती थांबली. "आणि आत डबीही टांगलीस. मला वाटलं, दक्षिणा ठेवली असशील. उघडली नाही मी."

काय बोलणार होतो? की हे सगळं बाबांसाठी नव्हतं, एका मिठाच्या खड्यासाठी होतं? मी ताटावर बसलो, पुरणपोळी खाल्ली, कशी लागली ते आठवत नाही. मग तडक सरांच्या घरी गेलो.

सरांना वामकुक्षीतून उठवल्यामुळे ते चिडलेले होते. मी सगळं सांगितलं. सरांनी खुंटीवरचा सदरा अंगात चढवला. मग म्हणाले, "आईंनी बिल्कुल बरोबर केलं."

"पण सर, उद्या..."

"अरे ऐक तर भिया. दान दिलेला माठ काही आपण उचलून आणायचा नाही. तो आता गुरुजींचा. पण खडा तर आपला आहे? गॅल्व्हानोमीटर आपला आहे? मग अपन तिकडे जाऊ. घोडदळवाले काय, किल्ला उठून आपल्याकडे येण्याची वाट बघत बसायचे काय?"

"आणि साहेब?"

"साहेबांना मी आणतो ना."

गुरुजींचं घर जुन्या इंदुरात, नदीच्या बाजूला. जाड मातीच्या भिंती, बुटकं दार आणि आत माजघर इतकं अंधारं की भरदुपारी दिवा लागावा. आम्ही गेलो तेव्हा गुरुजी डबी हातात घेऊनच बसले होते.

"ये बेटा, ये," ते म्हणाले. "ही डबी चांगली जड लागली म्हणून हिने काढून ठेवली. उघडावी की नको, विचार चालला होता. चांदी आहे का रे?"

"एरंडेल आहे गुरुजी," सर म्हणाले. "आणि आत जुलाबाचा खडा."

गुरुजींनी डबी पटकन खाली ठेवली. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आईच्या गैरसमजासकट, आणि हात जोडून विनवलं की उद्या एक सकाळ तुमचं माजघर द्या आणि आईला काही कळू देऊ नका. गुरुजी म्हणाले, "माजघर तुझंच समज. आणि आईचं म्हणशील तर मी तर नाही बोलणार." त्यांनी दाराकडे बघितलं. दारात गुरुजींच्या घरातून, म्हणजे त्यांच्या पत्नी, उभ्या होत्या आणि त्यांनी काहीच वचन दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅल्व्हानोमीटर मांडीवर घेऊन टांग्यात बसलो. आरशाची तार तुटू नये म्हणून ती आतून अडकवून ठेवलेली, तरी प्रत्येक खड्ड्याला माझा श्वास अडके. टांगेवाल्याने विचारलं, "भिया, भगवान बिठा रखे हैं क्या?" मी हो म्हणालो. माजघरात पाटावर यंत्र बसवलं, समोरच्या भिंतीला पट्टी लावली, बॅटरीच्या दिव्याने ठिपका पाडला. आदल्या दिवशी गडबडीत माठात परत सोडायची विसरल्याने डबी रात्रभर फडताळात राहिली होती, म्हणजे खडा चांगलाच तापलेला. झाकणाच्या मेणातून तेलात थर्मामीटर खोचून मी ती माठात सोडली, तेवढ्यात दारात जीप थांबली.

साहेब उंच, कोरडे, सारखं हातातलं घड्याळ बघायची सवय असलेले. बुटक्या दारातून वाकून आत आले आणि आधी माझ्याकडे, मग सरांकडे बघत म्हणाले, "प्रोफ़ेसर साहब, लैबोरेटरी यहाँ है?"

"आज यहाँ है," सर म्हणाले.

मी पहिली उडी दाखवली. ठिपका जेमतेम हलला. साहेबांनी भुवई उचलली. मी सांगितलं की खडा अजून गरम आहे, तेलातून थंडी पोचायला वेळ लागेल, माठ त्याला सावकाश खाली आणतोय. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "कितना समय?" मी म्हणालो, तासभर. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्या मान हलवण्यात मला काकांच्या शेजारची खुर्ची स्पष्ट दिसली.

त्या वेळी मला गुरुजींनी वाचवलं. ते फुलपात्र घेऊन पुढे आले. "साहब, इतनी धूप से आए हो, पानी तो पियो." आणि त्याच माठातून पाणी काढलं. साहेब प्याले. पुन्हा फुलपात्र पुढे केलं. "ये इतना ठंडा कैसे है?"

आणि गुरुजी, ज्यांनी आईला काही न सांगायचं वचन दिलं होतं पण साहेबांना न सांगायचं दिलं नव्हतं, मांडी ठोकून बसले. "साहब, ये इनके पिताजी के नाम का मटका है. कल आखातीज थी ना. लड़के ने सारा बाज़ार छान मारा, थर्मामीटर डाल-डाल के देखा, तब ये मिला. पूरे इंदौर में इससे ठंडा नहीं मिलेगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कानशिलांना धग लागली. मी खरं काय ते सांगणार होतो, पण सरांनी अंधारात माझ्या कोपराला असा काही चिमटा काढला की मी गप्प. साहेबांनी विचारलं, "पिताजी कब गए?" मी सांगितलं. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, भिंतीला टेकून सतरंजीवर बसले आणि घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

तेवढ्यात गुरुजींच्या घरातून विहिरीचं ताजं पाणी घागरीत घेऊन आल्या, माठ कमी झाला म्हणून भरायला. "नको!" मी असा ओरडलो की साहेब दचकले. विहिरीचं पाणी सत्तावीस अंशांचं होतं, केलेलं सगळं धुऊन गेलं असतं. बाईंनी घागर दारातच ठेवली आणि पुटपुटल्या, "आईसारखाच आहे, ऐकून घेत नाही."

मग आम्ही सगळे अंधारात बसून राहिलो. मी दर थोड्या वेळाने बॅटरीची चावी दाबायचो, सोडायचो. एकोणतीस अंश. अठ्ठावीस. ठिपक्याची उडी बोटभर, मग चार बोटं. सव्वीसला वीतभर. गुरुजी मोठ्याने "अरे वा" म्हणायला लागले. साहेब सतरंजीवरून सरकत पट्टीच्या जवळ आले होते. पंचवीस. मी चावी सोडली, ठिपका हातभर धावला. मग पारा चोवीसवर टेकला आणि ठिपका पट्टीवरून निघाला तो पट्टी ओलांडून, भिंत ओलांडून देव्हाऱ्यापर्यंत गेला. क्षणभर देवांच्या मूर्ती उजळल्या. गुरुजींनी आपोआप हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडं समोरच होतं.

साहेबांनी मला पुन्हा दाखव म्हणून सांगितलं. मी दाखवलं. ते म्हणाले, "एक बार मैं करूँ?" त्यांनी स्वतः चावी दाबली आणि लहान मुलासारखे हसले. मग उठून कपडे झटकत सरांना म्हणाले, "मटके में हो सकता है, तो कमरा दे के देखते हैं. लड़का यहीं रहे." सर मिशीवरून हात फिरवायला गेले, तो मध्येच डोळ्यांकडे वळला.

मी घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई ओसरीवर बसून उरलेले माठ एकात एक घालायचा प्रयत्न करत होती, ते काही बसत नव्हते. मी चपला काढल्या, तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, खोली मिळाली. मी कॉलेजातच राहणार." ती म्हणाली, "कळलं." मी चमकून बघितलं. "गुरुजींच्या घरातून येऊन गेल्या दुपारी. सगळं सांगितलं. तो मटका खड्यासाठी होता म्हणून."

रस्त्यावरून कुल्फीवाला गेला. आई एका माठावरची धूळ पदराने पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, आता ती रडेल, आणि मिळालेली ती खोली त्या क्षणी मी आनंदाने परत केली असती.

"पाणी गार होतं ना?" तिने विचारलं.

"चोवीसच्या खाली गेलं होतं," मी म्हणालो. "आम्ही निघालो तेव्हा बावीसवर होतं. साहेबसुद्धा दोनदा प्याले."

"म्हणजे तुझ्या त्या मशीनवर बघितलं? नक्की?"

"नक्की आई. स्वतः मोजलं. इंदुरात काल आखितीला त्याच्याहून गार पाणी कुणालाच मिळालं नसेल."

ती माझ्याकडे बघून हसली, वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच, मोकळी. "मग ह्यांना पोचलं," ती म्हणाली, आणि मला पाणी आणायला आत गेली.